किडनी कॅन्सर पसरल्यावर आधी काय, डबल इम्युनो की इम्युनो + गोळी?

पाऊलवाट:
वडलांचा क्लिअर सेल प्रकारचा किडनी कॅन्सर फुफ्फुसात पसरलेला सापडला तेव्हा डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, डबल इम्युनो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणारी इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही दोन इंजेक्शनं, दर तीन आठवड्यांनी चारदा आणि मग नुसतं निवो. दुसरा, पेम्ब्रोलिझुमॅब हे एकच इम्युनो इंजेक्शन आणि रोज ऍक्सिटिनिबची गोळी. आम्ही पहिला घेतला, आणि माझं ठाम मत आहे की (तपासण्या आणि तब्येत बघून डॉक्टर ठरवतात त्या) मध्यम किंवा जास्त रिस्कच्या पेशंटला झेपणार असेल तर डबल इम्युनोच आधी द्यावं. चेकमेट २१४ ट्रायलमध्ये अशा पेशंटपैकी ४२ टक्क्यांच्या गाठी आकसल्या, जुन्या सुनिटिनिब गोळीवर २७, आणि ९ टक्क्यांचा आजार स्कॅनवर पूर्ण नाहीसा झाला. काहींचं तर औषध थांबवल्यावरही वर्षानुवर्षं काही परतलं नाही. बाबांचा चौथा डोस झालाय, गाठी कमी आहेत, फक्त हल्ली दिवसभर झोपून असतात.

खडूफळा:
असहमत. त्याच ट्रायलमध्ये साधारण पाचातल्या एकाचा आजार औषध चालू असताना वाढतच गेला, ते तुम्ही लिहिलंच नाही. माझ्या सासूबाईंच्या मणक्यात गाठ होती, पाय जड पडायला लागलेले, रेडिएशन झाल्यावर लगेच औषध लागू पडणं गरजेचं होतं, प्रतिकारशक्ती जागी व्हायची वाट बघायला वेळ कुठे होता? ऍक्सिटिनिब गाठीचं रक्तच तोडते. पेम्ब्रो-ऍक्सिटिनिब जोडीच्या कीनोट ४२६ ट्रायलमध्ये ५९ टक्के लोकांच्या गाठी आकसल्या. आज सासूबाई भिंतीला धरून का होईना स्वतः बाथरूमला जातात.

पाऊलवाट:
तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत मलाही तेच पटलं असतं. पण ५९ आणि ४२ शेजारी शेजारी ठेवू नका हो, कीनोटमध्ये कमी रिस्कचे पेशंटही होते, माझा आकडा फक्त मध्यम आणि जास्त रिस्कवाल्यांचा आहे.

केशरी:
तुम्ही दोघं गाठीवरच बोलताय. माझ्या दादाला डबल इम्युनोच्या तिसऱ्या डोसनंतर जुलाब लागले, वहिनी वहीत वेळा लिहायची, एका रात्रीत अकरा. कॅज्युअल्टीत दोनदा सांगितलं की इम्युनो चालू आहे, तरी अँटिबायोटिक आणि सलाईन देऊन घरी पाठवलं. ते इन्फेक्शन नव्हतंच, त्याचीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटली होती, दोन दिवसांनी ऑन्कॉलॉजिस्टनी स्टिरॉइड चालू केल्यावर थांबलं. रात्री-अपरात्री फोन उचलणारा ऑन्कॉलॉजिस्ट नसेल तर मी कुणालाही डबल इम्युनो घ्या म्हणणार नाही.

नीलाक्षर:
केशरी, तुमच्यावर गुदरलं ते फार वाईट, पण त्यावरून गोळी सोपी असं कुणी समजू नये. माझ्या आईला ऍक्सिटिनिबवर बीपी इतकं चढायचं की रोज दोनदा मोजावं लागतं, तळपाय सोलवटलेले, आणि तिच्याकडेही पेम्ब्रो आहेच की, म्हणजे प्रतिकारशक्ती उलटायची भीती तिथेही आहे. जुलाब झाले की आधी गोळीमुळे की इंजेक्शनमुळे हेच कळत नाही, डॉक्टर गोळी दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांगतात, ती शरीरातून पटकन जाते, तरी जुलाब चालूच राहिले तर इंजेक्शनवर संशय. चेकमेट २१४ मध्येही गंभीर त्रास डबल इम्युनोवर ४६ टक्के आणि सुनिटिनिबवर ६३ होता.

खडूफळा:
हो पण गोळीचा त्रास गोळी थांबवली की बहुतेक उतरतो. इम्युनोचा महिनोन्‌महिने नंतरही उगवतो, थायरॉइड गेलं की जन्मभराची गोळी.

केशरी:
बरोबर, दादाचं थायरॉइड गेलंच. पाऊलवाट, वाद बाजूला ठेवून विचारते, बाबा दिवसभर झोपून असतात म्हणालात, त्यांचं सकाळचं कॉर्टिसॉल आणि टीएसएच (हॉर्मोनच्या रक्ततपासण्या) बघितलंय का? इपिलिमुमॅबने कधीकधी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला सूज येते, हॉर्मोन कमी पडतात, घरचे थकवा समजून सोडून देतात. बीपी कमी, उलटी, डोकेदुखी असलं काही असेल तर उद्याची वाट बघू नका, आत्ताच फोन करा.

पाऊलवाट:
डोकं दुखतं म्हणत होते परवापासून. लावतो फोन.