हार्टफर्डचं रखडलेलं स्टेडियम: 'उशीर झाला, पण काम झालं' म्हणणाऱ्यांसाठी

चुना_वीट_वाळू

परवा दुसऱ्या एका धाग्यात कुणीतरी ठोकून दिलं: "हार्टफर्डचं बेसबॉल स्टेडियम वर्षभर रखडलं म्हणून केवढी बोंब झाली होती. आता बघा, रोज हाऊसफुल. मोठी कामं अशीच होतात." खाली पंचवीस अंगठे. म्हणून हा वेगळा धागा.

कामं 'अशीच' होत नाहीत. ती अशी केली जातात. २०१४ मध्ये ठरलं की शेजारच्या न्यू ब्रिटनचा डबल-ए (मुख्य लीगच्या दोन पायऱ्या खालचा) बेसबॉल संघ अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या हार्टफर्डला आणायचा. फेब्रुवारी २०१५ मध्ये कुदळ मारली आणि पहिला सामना ठरवला एप्रिल २०१६ मध्ये. चौदा महिने! सहा हजार खुर्च्या, खाली पाण्याचे-सांडपाण्याचे पाईप, स्वयंपाकघरं, लिफ्ट, प्रकाशझोतांचे खांब, आणि मधोमध असं मैदान की जे सगळ्यात शेवटी करायचं असतं. किंमत ५.६ कोटी डॉलरला बांधली, नकाशे पुरे व्हायच्या आधी. वर्ष संपता संपता १.०४ कोटींचं भोक निघालं. जानेवारी २०१६ मध्ये शहराने आणखी ५५ लाख घातले, बाकीचं संघ आणि विकासक यांनी वाटून घेतलं, आणि नवी तारीख ठरली १७ मे. तीही हुकली. ६ जूनला शहराने कंत्राटदार सेंटरप्लॅनला काढलं. यार्ड गोट्स (त्या संघाचं नवं नाव) अख्खा २०१६ चा हंगाम बिनघराचे फिरले, 'घरचे' सामने नॉर्विचसारख्या परक्या मैदानांवर. पहिला चेंडू पडला १३ एप्रिल २०१७ ला. एकूण खर्च ७.१ कोटी.

यात 'अशीच' काय आहे?

शंटिंग_इंजिन

नाव घेतलंत म्हणून सांगतो, यार्ड गोट म्हणजे रेल्वे यार्डात डबे ढकलणारं छोटं इंजिन. आपल्या कल्याण यार्डात दिवसभर करतं तेच काम. उगाच बकऱ्यांवर विनोद नकोत.

आता मुद्दा. २०१७ मध्ये जवळजवळ चार लाख प्रेक्षक आले. सामने सत्तरच्या आत, म्हणजे जागा भरल्याच. त्याच वर्षी बॉलपार्क डायजेस्ट या बेसबॉल मैदानांवरच्या प्रकाशनाच्या मतदानात डबल-ए मधलं सर्वोत्तम मैदान. १९९७ मध्ये हॉकीचे व्हेलर्स गेल्यापासून ज्या शहराला स्वतःचा म्हणावा असा संघ नव्हता, तिथे लोक आंतरराज्य ८४ ओलांडून चालत मैदानात जातात. हे तुमच्या हिशेबात कुठल्या रकान्यात बसतं?

चुना_वीट_वाळू

कुठल्याच नाही, कारण तिकिटाचे पैसे शहराकडे जात नाहीत. संघ शहराला भाडं देतो वर्षाला ५ लाख डॉलर. स्टेडियमसाठी शहराने काढलेल्या रोख्यांचा हप्ता वर्षाला ४५ लाखांच्या आसपास. पार्किंग, नावाचे हक्क वगैरे धरूनही खड्डा उरतोच. खेळाडूंचा पगार मुख्य लीगमधला पालक-संघ कोलोराडो रॉकीज देतो. म्हणजे संघमालकाला पगाराची चिंता नाही, इमारतीची चिंता नाही. असा धंदा मलाही चालेल.

मिल_रेट_७४

इथे मला बोलू द्या, कारण हा आकडा कुणी काढतच नाही. मिल रेट, म्हणजे मालमत्ता कराचा दर: ७४.२९. मूल्यांकनाच्या दर हजार डॉलरमागे तेव्हा एवढा कर, अख्ख्या कनेक्टिकटमध्ये सर्वात जास्त. एक लाखाचं दुकान घ्या. मूल्यांकन ७० टक्के, म्हणजे ७० हजार. गुणिले ७४.२९ भागिले हजार: ५,२०० डॉलर. दर वर्षी. का? कारण शहरातली निम्म्याहून जास्त मालमत्ता करमुक्त. राज्याच्या इमारती, हॉस्पिटलं, कॉलेजं. उरलेल्या निम्म्याने सगळं उचलायचं. अशा शहराने बेसबॉलसाठी कर्ज काढावं? २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या दारात उभं होतं, २०१८ मध्ये राज्याला सुमारे ५५ कोटींच्या कर्जाची जबाबदारी घ्यावी लागली.

शंटिंग_इंजिन

तुमच्याच आकड्यांनी उत्तर देतो. ५५ कोटींपुढे स्टेडियमचे सात कोटी म्हणजे किती? हार्टफर्डला स्टेडियमने बुडवलं नाही, करमुक्त जमिनीने बुडवलं. आणि तो दर २०२२ मध्ये ६८.९५ वर आला, तेवढं टोपणनाव बदला.

मिल_रेट_७४

बुडत्याच्या डोक्यावर वीट ठेवणारा म्हणतो, वीट लहान होती. छान.

हमीदार

सगळे पैशांवर भांडताय, पण काम पुरं कुणाच्या पैशाने झालं ते कुणी बोललंच नाही. शुअरटी बाँड, म्हणजे कंत्राटदार चुकला तर काम पुरं होईल याची तिसऱ्या कंपनीने दिलेली हमी. ४.७ कोटी डॉलरचा, आर्च इन्शुरन्सचा. तो नसता तर गवताऐवजी आज तिथे खुरटी झुडपं असती.

रीत अशी: मालकाने कंत्राटदार कसुरीत गेल्याचं लेखी जाहीर करायचं, कंत्राट रद्द करायचं, आणि उरलेली कंत्राट-रक्कम हमीदार कंपनीकडे वळवायला तयार व्हायचं. यातली एक पायरी चुकली की हमीदार हात वर करतो. मग त्याच्यापुढे वाटा तीन-चार: जुन्याच कंत्राटदाराला पैसे देऊन काम रेटायचं, स्वतः ताबा घेऊन दुसरा नेमायचा, नवा शोधून मालकासमोर उभा करायचा, नाहीतर पैसे मोजून मोकळं व्हायचं. आर्चने ताबा घेतला आणि व्हायटिंग-टर्नर या दुसऱ्या कंत्राटदाराला आणलं. त्यांनी पुरं केलं. आपल्याकडे पीडब्ल्यूडीच्या कामात असं झालं असतं तर सांगाडा वीस वर्षं तसाच उभा राहिला असता.

बीजी_जप्त

झालं, पीडब्ल्यूडीला शिव्या घातल्याशिवाय धागा पुढे जात नाही. आपल्याकडे कंत्राटदार बँक गॅरंटी देतो, ती मागितल्याक्षणी वटते. बँकेने 'का' विचारायचं नाही, मजकुरातच तसं लिहिलेलं असतं. पत्र टाका, चार दिवसांत पैसे खात्यात. तुमचा शुअरटी मात्र आधी चौकशी करणार, साईट बघणार, वकील लावणार. जूनमध्ये कंत्राटदार काढला आणि नवा माणूस साईटवर यायला पानगळ उजाडली. तोवर पोलाद पावसात, पाईपांची तोंडं उघडी, पोटकंत्राटदारांची माणसं दुसऱ्या कामांवर पांगलेली. ही कसली हमी?

हमीदार

चार दिवसांत पैसे, पण किती? तुमची गॅरंटी ३ ते १० टक्के. ५ धरा: ५.६ कोटींवर २८ लाख. १.०४ कोटींचं भोक २८ लाखांनी बुजवून दाखवा. उरलेल्या कामाला फेरनिविदा, त्यात वाढीव दर, मग कोर्टाची स्थगिती. तिकडे सरकारी कामाला बाँड बहुतेक पूर्ण कंत्राट-रकमेचा असतो, शिवाय पोटकंत्राटदारांच्या देण्यांसाठी वेगळा पेमेंट बाँड. प्लंबरचे पैसे बुडाले तर तो त्यावर दावा करतो, कारण सरकारी इमारतीवर त्याला बोजा चढवता येत नाही. आपल्याकडे प्लंबर काय करतो? कार्यालयाच्या बाहेर बसतो.

बीजी_जप्त

आणि शंभर टक्क्यांचा बाँड छोट्या कंत्राटदाराला देणार कोण? हमीदार आधी ताळेबंद बघतो, मग कंत्राटदार कंपनीच्या मालकाकडून वैयक्तिक भरपाईचा करार लिहून घेतो, घरादारासकट. तो विमा नाहीच. पैसे गेले तर तो कंत्राटदाराकडून वसूल करतो. आपल्याकडे विमा नियामक आयआरडीएआयने एप्रिल २०२२ पासून शुअरटी बाँडची वाट उघडली. किती तालुका-पातळीच्या कंत्राटदारांच्या हाती तो पडला?

हमीदार

ज्याला हमी मिळत नाही त्याने सहा हजार खुर्च्यांचं स्टेडियम घेऊ नये. चाळणी हीच.

बीजी_जप्त

सेंटरप्लॅन त्या चाळणीतून पार झालीच होती ना? मग?

गवत_आणि_माती

अहो, धागा स्टेडियमचा आहे की निविदा कक्षाचा? मैदानाबद्दल कुणी काही बोलेल?

'मैदान शेवटी' हे पहिल्या पोस्टमध्ये बरोबर आहे, पण कारण सांगायला हवं. वरचं गवत दिसतं तेवढं नसतं. तळाला खडीचा चार इंचांचा थर, त्याखालच्या चरांत छिद्रांचे पाईप, वर दहा-बारा इंच धुतलेली वाळू, मग गवताची गुंडाळी. हे झाल्यावर वरच्या खुर्च्यांसाठी एक क्रेन जरी आत फिरवली तरी वाळू दबते, पाईप चेपतात, आणि पहिल्याच पावसात आउटफिल्डमध्ये तळं. वरून काही दिसत नाही, उकरावंच लागतं. इनफिल्डची (आतल्या चौकोनाची) माती वेगळी: वाळू साठ-सत्तर टक्के, बाकी गाळ आणि चिकणमाती. चिकणमाती कमी पडली की स्पाईकखाली ढेकळं निघतात, जास्त झाली की उन्हात फरशी. पिचरचा उंचवटा बरोबर १० इंच, आणि पिचरच्या पायाखालच्या पट्टीपुढे सहा इंच सोडून दर फुटाला एक इंच उतार. म्हणून भोवतीचं काम लांबलं की मैदानवाला नुसता थांबून राहतो, आणि एप्रिलची तारीख गाठायची तर मुळं धरायला उरतात मोजके आठवडे. चौदा महिन्यांच्या वेळापत्रकात हे आठवडे कुणी धरले होते?

शंटिंग_इंजिन

हा प्रतिसाद आवडला. पण शेवटी मैदान उत्तम झालंच ना? सर्वोत्तमचा मान काय खुर्च्यांना मिळाला?

चुना_वीट_वाळू

झालं, एक वर्ष आणि दीड कोटी डॉलर जास्त घालून. तेवढ्यात मीही उत्तम भात लावला असता.

सोपान_पंच

गहुंज्याचं विसरलात? सहाराचं नाव, सहाराचे पैसे थकले, २०१३ मध्ये नाव उतरवलं, २०१८ मध्ये बँकांनी प्रतीकात्मक ताबा घेतला. मैदान कुठलंही असो, गोष्ट एकच.

हमीदार

एकच नाही. गहुंज्यात इमारत पुरी होती, कर्ज थकलं. हार्टफर्डमध्ये इमारतच अपुरी होती. कृपया मिसळ करू नका.

कलम_१३

वकिली बाजू कुणीच घेतली नाही म्हणून लिहितो. सेंटरप्लॅनने शहरावर दावा लावला, ९ कोटी डॉलरचा. २०१९ मध्ये ज्युरीने शहराच्या बाजूने कौल दिला आणि शहराला मिळाले ३,३५,००० डॉलर. हा आकडा आकाशातून पडला नाही. दंड ठरला होता पहिल्या दिवसाला ५०,००० आणि पुढे रोज १५,०००. १७ मे हुकल्यापासून ६ जूनपर्यंत २० दिवस. ५०,००० अधिक १९ गुणिले १५,०००. करा बेरीज.

पण थांबा, इतक्यात आनंद नको. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि फेरसुनावणी लावली. मुद्दा एकच: आर्किटेक्टचा धनी कोण? खालच्या कोर्टाने धरलं की करारानुसार तो कंत्राटदाराच्या ताब्यात, म्हणून नकाशातल्या चुका कंत्राटदाराच्या गळ्यात. वरच्या कोर्टाने म्हटलं, कराराच्या मजकुरातून ते स्पष्ट निघत नाही. शेवटी २०२४ मध्ये तडजोड. आठ वर्षं! तोवर स्टेडियमभोवतीचे भूखंडही त्याच भांडणात अडकून बराच काळ रिकामे राहिले. मूळ योजना तर त्या घरांच्या आणि दुकानांच्या करातून हप्ता भागवायची होती.

चुना_वीट_वाळू

मी हेच म्हणत होतो, नकाशे पुरे व्हायच्या आधी किंमत बांधली.

कलम_१३

नाही, तुम्ही सगळा दोष कंत्राटदारावर टाकत होतात. नकाशे वारंवार बदलत असतील आणि बदलाचा आदेश कुणी द्यायचा हेच करारात पुसट असेल, तर चौदा काय चोवीस महिने दिले तरी पुरणार नाहीत. प्रत्येक बदलावर तारीख, रक्कम आणि सही, तिन्ही एका कागदावर नसतील तर पुढे कोर्टात दोघांकडेही फक्त ईमेल उरतात.

मिल_रेट_७४

आणि त्या आठ वर्षांत वकिलांचं बिल कुणी भरलं? मिल रेटने.

शंटिंग_इंजिन

बरं, मान्य. शहराने सही करताना झोपा काढल्या. पण म्हणून स्टेडियम वाईट ठरत नाही. भिंतीवरचं प्लास्टर आणि कराराचं प्लास्टर वेगळं.

चुना_वीट_वाळू

३,३५,००० ची बेरीज तपासली, बरोबर जुळते. तेवढं कलम_१३ यांचं मान्य. बाकी एक अक्षर मान्य नाही, आणि भाड्याचे ५ लाख हप्त्याच्या ४५ लाखांत कसे बसवायचे ते शंटिंगसाहेबांनी अजून सांगितलेलं नाही.

शंटिंग_इंजिन

ढकलत ढकलत. यार्डात दुसरं काय करतात?