पोकेमॉन डबल्समध्ये माझाच गारचोम्प माझ्याच इन्सिनरोरला मारतोय, टीम कशी खेळवू?

गारचोम्प_९वी_ब

नमस्कार, पहिलाच धागा आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी इचलकरंजीचा, नववीत. स्विच (निन्टेन्डोचा गेम कन्सोल) नाही, आणि घरात मागायची सोय पण नाही. शोडाउनवर (पोकेमॉनच्या लढती खेळायची साइट) खेळतो, दादाच्या लॅपटॉपवर, तो कामावरून येईपर्यंत. पोकेमॉनचं सिंगल्स मला बऱ्यापैकी जमतं. सुट्टीत डबल्स (दोघांसमोर दोघं) चालू केलं आणि वाट लागली. काल १२ खेळलो, १० हरलो. धाकटी बहीण शेजारी बसून वहीत रेघा मारत होती, तिनेच मोजले.

लेजंडरी आणि पॅराडॉक्स हे खास पोकेमॉन बंद असतात तो नियम. माझी टीम: गारचोम्प, इन्सिनरोर, ड्रॅगोनाइट, अमूनगस, चारिझार्ड, टॅलनफ्लेम. दर वेळी गारचोम्प आणि इन्सिनरोर पुढे काढतो, कारण दोघंही तगडे.

सगळ्यात जास्त मार पेलिपर आणि आर्कालुडॉनच्या जोडीकडून खातो. पेलिपर आला की पाऊस लागतो, आणि पावसात आर्कालुडॉनचा इलेक्ट्रो शॉट न थांबता त्याच टर्नला सुटतो. म्हणून मी पहिल्या टर्नला इन्सिनरोरने आर्कालुडॉनवर फेक आउट (ज्याला लागतो तो त्या टर्नला गप्प बसतो) मारतो आणि गारचोम्पने अर्थक्वेक. काल काय झालं, पेलिपरने वाइड गार्ड लावला. समोरच्या दोघांना ओरखडा नाही आणि माझा इन्सिनरोर माझ्याच भूकंपात अर्ध्याच्या खाली. बहीण इतकी हसली की आई बघायला आली.

गारचोम्पला चारही मूव्ह मारायच्याच दिल्यात. अमूनगस काढून टाकू का? तो काहीच मारत नाही. त्याच्या जागी कोण घेऊ ते सांगा.

उगाचच

सहातले चारच न्यायचे असतात, आणि ते चार समोरची टीम बघून निवडायचे असतात. तू दर वेळी तीच जोडी काढतोस म्हणजे तो टीम प्रिव्ह्यूचा वेळ तू पाणी प्यायला वापरतोस. बाकी तपशीलवार कोणीतरी लिहीलच.

खांबावरची_आत्या

मी लिहिते. भाच्याला शिकवता शिकवता स्वतःच अडकले, त्याला तीन वर्षं झाली. भाचा आता क्रिकेट खेळतो, मी रात्री जेवणं आटोपली की हे.

आधी अर्थक्वेकचा हिशेब. एकापेक्षा जास्त जणांना लागणारी मूव्ह डबल्समध्ये पाऊणपटच लागते. म्हणजे १०० चा अर्थक्वेक प्रत्येकाला ७५ नेच बसतो, आणि जोडीदार आगीचा असला तर त्याला दुप्पट. स्टॉम्पिंग टँट्रम मुळातच ७५ ची, एकालाच लागणारी. आर्कालुडॉनवर दोन्हींचा फटका सारखाच. वर वाइड गार्ड तिला अडवू शकत नाही, कारण तो फक्त पसरणाऱ्या मूव्ह अडवतो. बदलून टाक.

आता फेक आउट. फेक आउटने तो टर्न आर्कालुडॉन गप्प बसला खरा, पण त्याची अ‍ॅबिलिटी वाचलीस का? बहुतेक जण स्टॅमिना ठेवतात. कुठलाही फटका बसला की त्याचा डिफेन्स एक पायरी चढतो. त्यात बॉडी प्रेस असेल तर ती डिफेन्सच्याच जोरावर मारते. म्हणजे तू फेक आउटने त्याला खारीक-खोबरं चारलंस आणि पुढच्या टर्नला त्याने इन्सिनरोरला झोपवला. फेक आउट मारायचाच तर पेलिपरवर मार, त्याचा टेलविंड (काही टर्न त्यांच्या टीमचा वेग वाढवणारा) एक टर्न उशिरा लागेल.

पण मी तुझ्या जागी असते तर या जोडीसमोर इन्सिनरोर पुढे काढलाच नसता. गारचोम्प आणि अमूनगस काढले असते. ज्याला तू हाकलायला निघालास तोच.

इलेक्ट्रो शॉट विजेचा आणि गारचोम्प जमिनीचा, त्याला वीज लागतच नाही. त्याला खरी भीती आर्कालुडॉनच्या ड्रॅको मिटिअरची. पहिल्या टर्नला अमूनगसने रेज पावडर करायची. एकावर नेम धरून मारलेलं सगळं मग त्याच्याकडे वळतं. वीज, पाणी आणि बॉडी प्रेस त्याला निम्म्यानेच लागतात. पेलिपरचा हरिकेन मात्र दुप्पट लागतो आणि पावसात चुकतही नाही, म्हणून त्याला स्पेशल डिफेन्सचे पॉइंट भरपूर दे. दोघांनी मिळून त्याच्यावरच ओतलं तर तो मरेल. मरू दे. तेवढ्यात गारचोम्पने आर्कालुडॉनला एक फुकटचा टँट्रम घातलेला असतो.

अमूनगस जगला तर दुसरा टर्न माझा आवडता. गारचोम्प प्रोटेक्ट करतो, अमूनगस आर्कालुडॉनवर स्पोर टाकतो. आपल्याकडून कोणीच कोणाला मारलं नाही. पण समोरच्याने बहुधा गारचोम्पवर नेम धरलेला असतो, तो वाया जातो, आणि टर्न संपताना त्याचा भरवशाचा गडी घोरत असतो. शिवाय पावसाच्या ५ टर्नपैकी २ गेले, टेलविंड पहिल्यालाच लावला असेल तर त्याच्या ४ पैकीही २ गेले. तू चारही मूव्ह मारायच्या दिल्यास म्हणजे हा टर्न तू कधी खेळूच शकत नाहीस. गारचोम्पला प्रोटेक्ट दे. फक्त लागोपाठ दोनदा दाबू नकोस, दुसऱ्या वेळी तो तीनातून एकदाच लागतो.

शाळेत असताना मी जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळले. आमच्यात एक मुलगी होती, तिने अख्ख्या हंगामात जेमतेम दोन गडी मारले असतील. पण ती वेळेवर खो द्यायची, त्यामुळे पळणारी आपसूक खांबाकडे यायची आणि तिथे मी असायचे. बक्षीस मला मिळालं. तुझा अमूनगस ती मुलगी आहे.

टेबलटॉप_तात्या

आत्यांना +१. पण अमूनगसवर डोळे मिटून विसंबू नकोस. गवताच्या पोकेमॉनवर रेज पावडर आणि स्पोर, दोन्ही चालत नाहीत. हातात सेफ्टी गॉगल्स असणाऱ्यावरही नाहीत. आयटम उघडे दिसणाऱ्या सामन्यात आधी ते वाचून घे.

अर्थक्वेक पार टाकून देण्यावर माझं दुमत आहे. टँट्रम एकावर नेम धरते, म्हणून समोर कोणी फॉलो मी (रेज पावडरसारखीच मार ओढणारी मूव्ह) करणारा असला तर ती त्याच्याकडे वळते. अर्थक्वेक वळत नाही. ड्रॅगोनाइट शेजारी असेल तर तो उडणारा, त्याला काही होत नाही. पावसाच्या टीमसमोर टँट्रम ठीक, सगळीकडेच ठीक असं नाही.

अवांतर: न मारणाऱ्या गड्याचा विषय निघालाच आहे तर २०१४ ची जागतिक स्पर्धा आठवते, वॉशिंग्टन डीसीची. दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कने टीममध्ये पाचिरिसू आणला होता. पाचिरिसू म्हणजे खारीएवढा विजेचा पोकेमॉन, ज्याला कोणी हिंगलून विचारत नव्हतं. तो फॉलो मी करून मार स्वतःवर ओढायचा आणि शेजारी गायराडोस मोकळा खेळायचा. गायराडोसला विजेची भीती, तर पाचिरिसूला व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब, म्हणजे वीज लागली की उलट जीव वाढतो. पार्क जगज्जेता झाला. नंतर कित्येकांनी नुसता पाचिरिसू उचलून आपल्या टीममध्ये कोंबला आणि आपटले. मीही त्यातलाच.

गारचोम्प_९वी_ब

आत्या, तात्या, खूप धन्यवाद. शाळेतून आल्या आल्या बदल केले. गारचोम्पला टँट्रम आणि प्रोटेक्ट, अमूनगसला पॉइंट.

तीन खेळलो. पहिला हरलो, समोर पाऊस नव्हताच, तरी मी हट्टाने अमूनगस काढला आणि समोर गवताचा रिलाबूम निघाला. स्पोर टाकला, काहीच झालं नाही. तात्यांनी लिहिलं होतं, मी वाचलं पण होतं.

दुसऱ्यात पेलिपर-आर्कालुडॉन भेटले. रेज पावडर केली, इलेक्ट्रो शॉट अमूनगसवर गेला, हरिकेन पण. लाल झाला पण जगला. दुसऱ्या टर्नला प्रोटेक्ट आणि स्पोर. प्रोटेक्ट दाबताना हात थांबला होता, वाटलं एक टर्न फुकट घालवतोय. ड्रॅको मिटिअर प्रोटेक्टवर आपटला. मग आर्कालुडॉन झोपला आणि माझ्या तोंडून शिट्टीच आली. जिंकलो.

तिसरा हरत होतो, पण नेट गेलं, म्हणून तो धरत नाही. बहिणीने धरलाय.

एक विचारायचं राहिलं. स्पोर एकदा टाकल्यावर अमूनगसने काय करायचं? मैदानात ठेवू की मागे घेऊन इन्सिनरोर आणू?

खांबावरची_आत्या

मागे घे. रिजनरेटर अ‍ॅबिलिटी दिली असशील तर मैदान सोडताना त्याचा एकतृतीयांश जीव भरतो. इन्सिनरोर येताना इंटिमिडेट घेऊन येतो, म्हणजे समोरच्यांचा अटॅक एक पायरी उतरतो, आणि फेक आउटही पुन्हा मारता येतो, कारण तो मैदानात आल्यावरच्या पहिल्या टर्नलाच चालतो. फक्त पेलिपर जिवंत आणि पाऊस चालू असेल तर आणू नकोस, पावसात पाण्याचा झालेला वेदर बॉल खाईल. तेव्हा ड्रॅगोनाइट आण.

आणि तिसरा सामना बहिणीने बरोबर धरलाय.

गारचोम्प_९वी_ब

बरं. दादाची गाडी वाजली खाली. उद्या लिहितो.