‘मत मांडण्याचा हक्क’ चित्रात कसा काढायचा?

मजकूरवाली: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बालहक्कांचे फलक रंगवायचे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातल्या कलम १२ पाशी अडलंय. चित्रात मूल तोंड उघडून बोलतंय, बाजूला बोलण्याचा फुगा. खाली ‘मत मांडण्याचा हक्क’. मजकूर झाकून चित्र दाखवलं तर ‘लेकरू रडून राहिलं’, ‘भूक लागली’ अशी उत्तरं आली. चित्र झाकून मजकूर वाचला तर ‘लहान पोरांना कुठलं मतदान?’ शब्द बदलू की चित्र?

कुंचला: दोन्ही. फुगा ही चित्रकथा वाचणाऱ्यांची खूण, बाकीच्यांना तो ढग वाटतो. शिवाय कलमाचा अर्धा भाग चित्रात नाहीच. मुलाने बोलायचं, आणि मोठ्यांनी त्याचं वय व समज पाहून त्या बोलण्याला वजन द्यायचं, असे ते दोन भाग आहेत. म्हणून ऐकणारा काढा. बाई किंवा बाप्या उकिडवा बसलेला, नजर मुलाच्या नजरेच्या उंचीला, हातातला विळा खाली ठेवलेला. विळा हातातच राहिला तर तेच चित्र धाकाचं होतं. खाली ‘लेकराचं म्हणणं ऐकून घ्या’.

धातुपाठ: ‘ऐकून घ्या’ हा आज्ञार्थ. ऐकणाऱ्याच्या मर्जीवर सोडल्यासारखं होतं. हक्क विध्यर्थात येतो: ‘मुलाचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे’. चित्राची खरी अडचण हीच आहे. दप्तर घेऊन निघालेली मुलगी काढलीत, तर ती शाळेत जाते, तिने जावं, की तिला जाऊ दिलंच पाहिजे? चित्रात तिन्ही एकच. ‘पाहिजे’ला रंग नाही.

कुंचला: मान्य. नकाराचंही तेच. कापूस वेचणाऱ्या मुलीवर लाल फुली मारली की लोक विचारतात, मुलगी नको की कापूस नको? फुली माणसावर कधीच मारू नये. दोन चित्रं शेजारी काढा: डावीकडे कमरेला फडकं बांधून वेचणारी, उजवीकडे तीच मुलगी, तोच फ्रॉक, वर्गात. फ्रॉकचा रंग बदलला तर दोन वेगळ्या मुली समजतात.

बोंडअळी: खुणेवर भरवसा ठेवू नका जी. कीटकनाशकाच्या डब्यावरचा चौकोन घ्या. लाल, पिवळा, निळा, हिरवा अशी विषाची उतरती प्रत. हिरवा म्हणजे ‘कमी विषारी’, पण हिरवा दिसला की माणूस ‘चालते’ म्हणतो. २०१७ साली यवतमाळात फवारणीची विषबाधा झाली, त्या भागात तरी खुणेखाली शब्द हवाच.

सातबारा: आधी ‘हक्क’ या शब्दाचं पाहा. खेड्यात हक्क म्हणजे जमिनीतला वाटा. बहिणींना तो शब्द भेटतो हक्कसोडपत्रात. ‘बालहक्क’ म्हटलं की कोणाचा वाटा, हाच प्रश्न. ‘अधिकार’ घ्या.

धातुपाठ: अधिकार म्हटलं की अधिकारी, म्हणजे साहेब. राज्यघटनेच्या मराठी पाठात ‘मूलभूत हक्क’ आहेत, २००९च्या शिक्षण कायद्याच्या नावातही ‘हक्क’ आहे. माहितीचा मात्र ‘अधिकार’. आणि तुमच्याच सातबाऱ्यावर ‘अधिकार अभिलेख’ छापलेलं असतं, तेही जमिनीचंच. शब्द बदलून जमीन सुटत नाही.

पारावरचा: हक्क हा ‘हाक’ वरूनच आला. हाक मारली, ऐकणारा आला, तो हक्क. कलम १२ ला याहून चांगलं काय?

धातुपाठ: सुंदर, पण खरं नाही. हक्क अरबी, अर्थ सत्य, न्याय्य. ‘नाहक’ त्याच घरातला. प्राकृतात हाक मारण्याला ‘हक्क’ असा धातू आहे आणि आपली ‘हाक’ त्यातून आली, म्हणून घोळ होतो. दोन शब्द, एकच तोंडवळा.

पारावरचा: वऱ्हाडात म्हणतात ‘हक’, एकाच ‘क’ने. तोंडात जे आहे तेच लिहा.

सातबारा: मग ‘बालक’ तरी कशाला? ‘पोट्टे’ लिहा.

मजकूरवाली: ‘पोट्टे’ घरात प्रेमाचं, भिंतीवर हिणवल्यासारखं. ‘लेकरू’ म्हटलं की सात वर्षांचं डोळ्यासमोर येतं. करारात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक, शिक्षण कायद्यात ६ ते १४. सतरा वर्षांचा मिशा फुटलेला पोरगा चित्रात बालक दिसणार कसा? तिथे आकडाच लिहावा लागेल. माझा प्रश्न ‘मत’चा होता.

कुंचला: ‘म्हणणं’ लिहा. पण अनुस्वार लहान काढू नका. जुन्या चुन्यावर थेट ऑइल पेंट दिला तर पोपडे धरतात आणि आधी टिंबंच जातात, उरतं ‘म्हणण’. चुना खरवडा, प्रायमरचा हात द्या, मग अक्षर. रस्त्यावरून वाचायचं तर तीन इंच उंची, वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरून ओळीला पाच इंच सोडा.

धातुपाठ: ‘म्हणणे’ लिहिलं तर टिंबाचा प्रश्नच नाही. भिंतीवर प्रमाण रूपच हवं.

पारावरचा: ‘म्हणणे’ कोण म्हणतं हो गावात?