रेशमी टाय पिळवटतो, सुरकुत्याही जात नाहीत : काय करावे?

प्रश्न :
नव्या नोकरीमुळे मला रोज टाय बांधावा लागतो. गाठ जमते, परंतु टोक कधी पोटावरच थांबते, तर कधी पट्ट्याच्या खाली लोंबते. त्याहून त्रासाची गोष्ट म्हणजे एका रेशमी टायचे रुंद टोक आता सरळ पडतच नाही, एका बाजूला पिळवटते. गाठीच्या सुरकुत्यांवर इस्त्री फिरवली, तर त्या गेल्या नाहीतच, वर कापडाला चकाकी आली. असा टाय घरी धुतलेला चालतो का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
टाय संध्याकाळी कसा सोडता, हे आपण लिहिलेले नाही आणि माझ्या मते दुखणे तिथेच आहे. चांगल्या टायचे कापड उरेब, म्हणजे ताण्याबाण्याशी ४५ अंशांत कापलेले असते, म्हणूनच ते गाठीत वळते आणि सोडल्यावर पूर्ववत होते. आत लोकरीचे किंवा तत्सम अस्तर असते आणि मागची शिवण लांब, सैल टाक्यांची असते. रुंद टोक उलटे करून आत पाहिलेत, तर पुष्कळदा त्याच दोऱ्याचा एक छोटा मोकळा फास दिसेल. तो ताण पडल्यावर दोऱ्याला सरकायला जागा मिळावी म्हणून मुद्दाम ठेवलेला असतो, तेव्हा लोंबणारा धागा समजून कापू नये. घाईघाईने अरुंद टोक गाठीतून ओढून काढले, की कापड, अस्तर आणि दोरा असमान ताणले जातात. त्यासाठी गाठ आधी सैल करून, ज्या क्रमाने बांधली त्याच्या उलट क्रमाने सोडवावी.

मात्र नवा असतानाच टाय मधोमध धरून लोंबता सोडल्यावर फिरत असेल, तर कापतानाच उरेब चुकलेला असतो. त्याला इलाज नाही.

सुरकुत्यांसाठी टाय दुमडून सैलसर गुंडाळून रात्रभर ठेवावा आणि तोच टाय लागोपाठ दोन दिवस वापरू नये. एवढ्यानेही न गेल्यास दुरून वाफ द्यावी. इस्त्रीच्या दाबाने टायच्या गोलसर कडा चपट्या होतात. आलेली चकाकी मात्र सहसा पूर्णपणे जात नाही.

प्रतिसाद २ :
लांबीबद्दल थोडेसे. टोक पट्ट्याच्या बकलाला टेकावे, हा सर्वमान्य संकेत आहे. बहुतेक टाय साधारण १४५ ते १५० सेंटीमीटर लांबीचे असतात. गाठ जितकी जाड, तितकी लांबी ती खाते. विंडसर या जाड गाठीने टोक वर जात असेल, तर फोर-इन-हँड ही साधी, बारीक गाठ बांधून पाहा. सुरुवातीला अरुंद टोक सदऱ्याच्या कितव्या बटणाशी होते, ते एकदा नीट जमल्यावर लक्षात ठेवले, की रोज अंदाज बांधावा लागत नाही. थॉमस फिंक आणि योंग माओ या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये टायच्या ८५ गाठी शक्य असल्याचे गणिताने दाखवले होते. रोजच्या वापराला त्यांतल्या दोन-तीन पुरतात! गाठ आवळताना तिच्या लगेच खाली तर्जनीने कापड किंचित आत दाबावे आणि दोन्ही कडा चिमटीत धराव्यात, म्हणजे मधोमध छान खळी पडते.

प्रतिसाद ३ :
रेशमी टाय घरी मुळीच धुऊ नये. पाण्यात रेशीम आणि अस्तर सारखे आटत नाहीत, त्यामुळे टाय कायमचा चुण्या पडल्यासारखा दिसतो. डाग पडला, तर कोरड्या पांढऱ्या कापडाने नुसता टिपून घ्यावा, चोळू नये. साध्या पाण्याच्या थेंबाचेही रेशमावर वळे उमटते. तेलकट डागावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर रात्रभर ठेवून सकाळी हलकेच झटकावे. ड्रायक्लीनिंगला देताना ‘दाबून इस्त्री करू नका’ असे स्पष्ट सांगावे. आणखी एक, स्वेटरसारखा विणलेला (निटेड) टाय टांगून ठेवल्यास लांबत जातो, तो घडी करून किंवा गुंडाळूनच ठेवावा.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे आभार. टाय उलटा करून पाहिला, तर मागचा दोरा मध्येच तुटलेला आहे. पिळवटण्याचे कारण हेच असेल का?

प्रतिसाद १ :
बहुधा हेच. दोरा तुटला, की अस्तर आत सरकते आणि कापड त्याच्यामागे वळते. अस्तर सारखे करून हाताने, सैल टाक्यांनी पुन्हा शिवून घ्या. मशीनची घट्ट शिवण मात्र मारू देऊ नका, तिने टाय ताठ होईल आणि गाठीपाशी दोरा पुन्हा तुटेल.