शब्दचर्चा: ‘जड काम’, ‘हलकं काम’ आणि अंगमेहनतीची नोंद

रेघ:
एका कारखान्याची सुरक्षेची कागदपत्रं मराठीत करते आहे. त्यात प्रत्येक कामाचा एक तक्ता आहे. किती वजन उचलावं लागतं, कुठून कुठे, पाळीत किती वेळा, ओणवं किती वेळ राहावं लागतं, हात खांद्याच्या वर किती वेळ जातात, असं सगळं. इंग्रजीत त्याला ‘फिजिकल डिमांड्स ॲनालिसिस’ म्हणतात. आधी कोणीतरी त्याचं ‘शारीरिक मागणी विश्लेषण’ करून ठेवलंय. ते कामगारांसमोर लावायला मी धजत नाही, अर्थ भलताच निघतो. हा तक्ता शॉपवर, म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम चालतं तिथे, लागणार आहे, आणि कंबर धरलेल्या माणसाला परत कुठल्या कामावर घ्यायचं हे डॉक्टर त्यावरून ठरवणार आहेत. ‘श्रममापन’, ‘कार्यभार मोजणी’, ‘उचल-नोंद’ हे डोक्यात आहेत. सुचवा.

उंबरा:
‘मापन’ आणि ‘मोजणी’ दोन्ही टाळा. कारखान्यात ‘कामाची मोजणी’ म्हटलं की अर्थ ठरलेला असतो: स्टॉपवॉच घेऊन माणूस आला, आता नॉर्म, म्हणजे पाळीत काढायचं ठरलेलं काम, वाढणार. मग कोणी मुद्दाम हात आखडता घेतो, कोणी दुखणं लपवतो, आणि तक्त्यात जे उतरतं ते खऱ्या कामाचं राहत नाही. तक्त्याचा हेतू माणसाकडून जास्त काम काढण्याचा नाही, हे शीर्षकातूनच कळलं पाहिजे. मला साधा ‘नोंद’ आवडेल, ‘तपशील’ही चालेल.

वळचण:
‘उचल’ तर नकोच. ऊसतोडीला निघालेली जोडी मुकादमाकडून घेते ती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. सूचनाफलकावर ‘उचल-नोंद’ दिसली तर मराठवाड्यातून आलेला माणूस ॲडव्हान्सचं रजिस्टर समजून नाव शोधायला जाईल. ‘बोजा’ सातबाऱ्यावर चढलेला असतो. ‘कार्यभार’ नवीन आलेले साहेब स्वीकारतात. ‘ओझं’ चांगला शब्द आहे, पण तो नुसत्या वजनापुरता. वाकणं, वळणं, तासन्‌तास उभं राहणं त्यात येत नाही.

आमच्या घरात मार्केट यार्डातली हमाली होती, म्हणून एक गोष्ट सांगतो. ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९’ या कायद्याच्या अनुसूचीत कामं क्रियापदांनी सांगितली आहेत: भरणं, उतरवणं, थप्पी लावणं, वाहून नेणं, वजन करणं, मापणं. यार्डातही तसंच बोलतात. ‘हमाली करतो’ हे बाहेरच्या माणसासाठी. आतल्या माणसाला विचारलं तर तो गाडी खाली करतो की थप्पी लावतो हे सांगेल. कारण ही दोन कामं एक नाहीत. गाडीतून पोतं पाठीवर येतं तेव्हा फाळका, म्हणजे गाडीची मागची फळी, पाठीच्या उंचीला असतो, वर दोघे जण पोतं सरकवून देतात. थप्पीचा तळचा थर लावताना ओणवं व्हावं लागतं आणि वरचा थर लावताना तेच पोतं डोक्याच्या वर रेटावं लागतं. वजन तेच, उसण भरते ती थप्पीवर. म्हणून तक्त्यात पदाचं नाव लिहून थांबू नका. ‘हेल्पर’ या शब्दाखाली दहा कामं लपतात.

कोरडवाहू:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. शीर्षकापेक्षा मला ‘हलकं काम’ या शब्दाची जास्त काळजी वाटते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘हलके काम द्यावे’ एवढंच असतं. सुपरवायझर चिठ्ठी वाचतो आणि त्याच्या मनात जे हलकं असेल ते देतो. बऱ्याचदा पॅकिंग देतो, कारण तिथे खोकी १८ किलोचीच असतात आणि बाकी शॉपच्या मानाने ते हलकं वाटतं. महिन्याभरात माणूस पुन्हा माझ्या टेबलावर, आणि या वेळी गादी जास्त सरकलेली.

१८ किलो हलके की जड, याचं उत्तर वजनात नाही. कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेचं वजन उचलण्याबद्दलचं १९९१ चं सुधारित सूत्र जगभर वापरतात. त्याची सुरुवात २३ किलोपासून होते. सगळं अनुकूल असेल तर एवढं वजन बहुतेक निरोगी माणसांना झेपतं असं धरलंय. मग जे जे प्रतिकूल असेल त्याने तो आकडा कमी करत जायचा: नग अंगापासून किती लांब, हात जमिनीपासून किती उंच, किती अंतर वर न्यायचं, कमरेत किती पिळावं लागतं, मिनिटाला किती वेळा, किती तास, धरायला कडी आहे का.

त्याच पॅकिंगचं उदाहरण घ्या. खोकं जमिनीवरच्या पॅलेटवर (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटीवर) आहे, हात जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर. खोकं रुंद आहे आणि पॅलेटच्या मागच्या कडेला आहे, म्हणून हात घोट्यांच्या मधल्या बिंदूपासून ५० सेंटिमीटर पुढे. ठेवायचं ९० सेंटिमीटर उंचीच्या कन्व्हेयरवर, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर. लांब धरण्याचा गुणक २५ भागिले ५०, म्हणजे ०.५. खालून उचलण्याचा ०.८२. पाऊण मीटर वर नेण्याचा ०.८८. गुणाकार केला तर २३ चे ८.३ किलो राहतात. आणि यात वळणं, वारंवारता, पकड काहीच धरलेलं नाही, क्वचित आणि सरळ उचललं असं मानलंय. म्हणजे ‘हलक्या’ कामावर बसवलेला माणूस शिफारशीच्या दुपटीहून जास्त उचलतो आहे.

आता खोक्याला हात लावू नका. पॅलेट ७५ सेंटिमीटर उंच स्टँडवर घ्या, आणि पॅलेट फिरवता येईल असं करा म्हणजे खोकं नेहमी ३० सेंटिमीटरवर येईल. हात ९० सेंटिमीटरवर येतात आणि शिफारस १८.३ किलोवर जाते. १८ किलोचं तेच खोकं मर्यादेत आलं. लोखंडी स्टँड आणि फिरती चकती, एवढाच खर्च.

म्हणून माझी विनंती अशी की तक्त्यातून ‘जड’, ‘मध्यम’, ‘हलकं’ ही विशेषणं काढून टाका. लिहायचं तर आकडा आणि क्रियापद: ‘१८ किलो, घोट्याच्या उंचीवरून कमरेपर्यंत, अंगापासून हातभर लांब, तासाला इतक्या वेळा.’ चिठ्ठी लिहिणाऱ्यालाही मग ‘गुडघ्याखालून उचलू नये, १० किलोच्या वर नको’ असं लिहिता येतं.

सांगावा:
कोरडवाहूंशी सहमत, पण विशेषणांची व्याख्या करून वापरण्याची रीतही आहे. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या व्यवसायसूचीत ‘हलकं’ म्हणजे अधूनमधून २० पौंडांपर्यंत आणि वारंवार १० पौंडांपर्यंत. ‘जड’ म्हणजे अधूनमधून ५० ते १०० पौंड. १०० च्या वर ‘अतिजड’. ‘अधूनमधून’ आणि ‘वारंवार’ यांचीही व्याख्या आहे: पाळीच्या एक तृतीयांशापर्यंत ते अधूनमधून, एक तृतीयांश ते दोन तृतीयांश ते वारंवार, त्यापुढे सतत.

इकडे कॅनडात, ओंटारियोत, कामावर परतताना दोन कागद समोरासमोर ठेवतात. एकावर कामाला काय लागतं, दुसऱ्यावर माणसाला आज काय करता येतं. दुसरा डॉक्टर किंवा थेरपिस्ट भरतो. दोन्ही कागदांवर शब्द एकच असावे लागतात, नाहीतर ताळा जुळत नाही. रेघताई, दोन्हींचं मराठी तुम्हीच करणार असाल तर ते बरं आहे.

वळचण:
मग आपलं ५० किलोचं सिमेंटचं पोतं ११० पौंड झालं, त्यांच्या सूचीत थेट अतिजड. क्विंटलभराचं पोतं एकट्याच्या पाठीवर देण्याचे दिवस ज्यांनी काढले त्यांना ५० किलोचं पोतं ही लढून मिळवलेली गोष्ट वाटते, आणि ती आहेच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची शिफारसही प्रौढ पुरुषाला ५५ किलोची आहे. पण ५० म्हणजे सुरक्षित, असं कोणी मला सांगू नये. यार्डात पन्नाशी गाठलेल्यांचे गुडघे बघावेत.

रेघ:
हे सगळं फार उपयोगाचं आहे. एक बाजूचा प्रश्न: व्यवस्थापनाला प्रस्तावनेत खर्चाबद्दल दोन वाक्यं हवी आहेत. ‘दुखापतीचे पैसे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) देतं, मग आमचा खर्च कुठला’ असं एकाने विचारलं.

उंबरा:
ईएसआय पगाराचा भाग देतं, हे खरं. आजारपणात ७० टक्के, कामावरच्या दुखापतीने आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वात ९० टक्के. पण हात शिकलेला माणूस ईएसआय देत नाही. त्याच्या जागी बदली कामगार येतो, त्याचं काम हळू चालतं, रिजेक्शन वाढतं, शेजारच्याला ओव्हरटाइम पडतो आणि तो दमला की पुढची लचक त्याची. हे कुठल्याच एका खात्यावर ‘दुखापत’ म्हणून पडत नाही, म्हणून दिसत नाही. प्रस्तावनेत रक्कम लिहू नका. मागच्या वर्षी कंबर, खांदा, मनगट यांच्या दुखण्याने किती पाळ्या भरल्या गेल्या नाहीत आणि त्या कशा भरून काढल्या, हे त्यांच्याच हजेरीपटावरून काढायला सांगा. आणि त्यात ज्या कामाचं नाव पुन्हा पुन्हा येतं, त्याचा तक्ता पहिला भरा.

रेघ:
ठरवलं. शीर्षक: ‘या कामातली अंगमेहनत: तपशील’. खाली पदाऐवजी क्रियापदं. शरीराच्या ठेवणीसाठी मराठीत इतके नेमके शब्द आहेत की मूळ इंग्रजीपेक्षा तक्ता सोपा होतो आहे: ओणवं होणं (गुडघे सरळ, कंबर वाकलेली), उकिडवं बसणं, गुडघे टेकणं, रांगणं, चवड्यावर उभं राहणं, मान वर करून काम करणं. हातासाठी मुठीत धरणं आणि चिमटीत धरणं वेगळं लिहिते आहे. त्या दोन्हीसाठी कागदावर आधी फक्त ‘हाताळणी’ होतं.

अडले आहे ते ‘ढकलणे’पाशी. ट्रॉलीसाठी ढकलणं, लोटणं, रेटणं, यातलं कुठलं?

वळचण:
दोन लागतील. उभी ट्रॉली जागची हलवायला जो जोर लागतो ते रेटणं: पाय रोवून, अंग घालून. एकदा चाकं फिरली की पुढचं ढकलणं. लोटणं म्हणजे सोडून देणं, ते ट्रॉलीबाबत कोणी करू नये. कंबर जाते ती रेटताना. स्प्रिंगचा काटा ट्रॉलीच्या दांड्याला अडकवून ओढला तर दोन्ही आकडे मिळतात आणि पहिला बराच मोठा येतो.

उंबरा:
आणि काटा लावताना ट्रॉली भरलेली असू द्या, चाकं आहेत त्या स्थितीत. तेल घालून, जमीन झाडून मग मापू नका. चाकं आडवी वळलेली असताना एक आकडा, सरळ असताना एक. शॉपच्या दारातल्या पट्टीवरून जातानाचा तिसरा घ्या, बहुतेक ठिकाणी खरा जोर तिथेच लागतो.

रेघ:
‘रेटणं’ आणि ‘ढकलणं’ असे दोन रकाने केले. दारातल्या पट्टीची वेगळी ओळ टाकते आहे.