खारघरच्या टेकडीवरील सस्पेन्शनची तुलना

खारघरच्या टेकडीवर १४० मिमी ट्रॅव्हलची (म्हणजे धक्का शोषताना सस्पेन्शन इतके दबू शकणारी) सायकल १०० मिमीच्या हार्डटेलपेक्षा (फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेल्या सायकलपेक्षा) निर्विवाद सरस ठरते, हा दोन सायकलींच्या चाचणीवरून एका प्रतिसादात काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. कारण दोन्ही सायकलींचे सस्पेन्शन आपापल्या मालकांच्या वजनानुसार लावलेले होते आणि चालवणारा मात्र एकच, तोही तिसराच होता.

एअर फोर्कमधील (पुढच्या चाकाच्या, हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनमधील) दाब चालवणाऱ्याच्या वजनाशी जुळवल्याशिवाय अशा तुलनेला अर्थ राहत नाही. हेल्मेट आणि पाण्याच्या पिशवीसह सायकलवर बसल्यावर फोर्क एकूण ट्रॅव्हलच्या साधारण १५ ते २० टक्के आणि मागचा शॉक (मागच्या चाकाचे सस्पेन्शन, असल्यास) २५ ते ३० टक्के दबला पाहिजे. फोर्कच्या किंवा शॉकच्या दांडीवरची रबरी कडी सरकवून हे सहज मोजता येते. त्यानंतर रिबाउंड, म्हणजे दबलेले सस्पेन्शन पूर्ववत होण्याचा वेग, आणि माझ्या मते खरी गफलत इथेच होते. पावसाने मुरूम वाहून गेल्यावर या उतारांवर काळे दगड लागोपाठ उघडे पडतात. रिबाउंड फार मंद असेल तर पुढचा धक्का येण्यापूर्वी फोर्क पूर्ववत होत नाही, प्रत्येक दगडागणिक खाली बसत जातो आणि उत्तम फोर्कही कडक भासतो. फार जलद असेल तर चाक उसळून पकड सुटते.

पुन्हा चाचणी घेतलीत, तर उताराचा एकच छोटा टप्पा निवडून एका वेळी एकच बदल करावा, अशी आग्रहाची विनंती आहे. भर पावसात ती घेऊ नये, कारण ओल्या मुरमावर चाक टायरमुळे निसटले की सस्पेन्शनमुळे, हे ठरवता येत नाही.