मदत हवी आहे: वर्षावनातलं फील्डवर्क शिकायला परदेशी जावं का?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात जैवविविधता विषयात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प मुळशीकडच्या एका देवराईत चालू आहे. प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून 1.3 मीटरवर टेपने मोजायचा. बुंध्याला आधारमुळं फुटलेली असली की टेप त्यांच्या वर न्यावी लागते, मग शिडी आलीच. हे काम मला मनापासून आवडतं. पुढे संवर्धन जीवशास्त्रच करायचंय.

डोक्यात दोन पर्याय आहेत. एक, कोस्टा रिकातली ओटीएस (ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज). ही संस्था 1963 पासून आहे आणि तिच्या ला सेल्वा केंद्रावर फील्ड कोर्स होतात. दुसरा, ट्रोपीमुंडो ही युरोपातली दोन वर्षांची मास्टर्स, तिच्यात एक सेमिस्टर उष्ण कटिबंधातल्या देशात असतं.

पण ला सेल्वात वर्षाला साधारण 4 मीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ बारा महिने. आपल्या ताम्हिणीत धो धो कोसळतो आणि चार महिन्यांत आटोपतो. फळं कधी धरतात, रोपं कधी वाळतात, सगळं त्यावरच. मग तिथे शिकलेलं इथल्या देवराईत लागू पडेल का? मला परत इथेच यायचंय. बाबा कर्ज काढायला तयार आहेत, म्हणून जास्तच काळजी वाटते. कोणी स्वतः गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी पनामात बारो कोलोरॅडो बेटावर काम केलंय. तिथल्या 50 हेक्टरच्या प्लॉटमध्ये 1 सेंटीमीटर जाडीपासूनचं प्रत्येक खोड नंबर लावून साधारण दर पाच वर्षांनी मोजतात, 1980च्या दशकापासून. शिवाय तिथे डिसेंबरअखेर ते एप्रिल कोरडा हंगाम असतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला ला सेल्वापेक्षा ते जंगल जवळचं. स्मिथसोनियन या अमेरिकी संस्थेच्या तिथल्या संशोधन केंद्रात इंटर्नशिप असतात, आधी त्या बघा. बाबांना एवढ्यात कर्ज काढू देऊ नका. असाच 50 हेक्टरचा प्लॉट आपल्या तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात बंगळुरूच्या आयआयएस्सीने (भारतीय विज्ञान संस्थेने) 1988 मध्ये सुरू केला, जंगल पानझडी पण पद्धत तीच. आणि पनामाला जायचं ठरलं तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर परतताना भारतात विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवतात.

धागाकर्ती:
मनापासून आभार दादा! मुदुमलाईचं लक्षातच आलं नव्हतं. स्मिथसोनियनच्या इंटर्नशिपला अर्ज करण्याआधी तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञाला स्वतःहून ईमेल करायची का? आणि त्यात देवराईची आकडेवारी जोडली तर चालेल?